'स्वतः', 'मी' आणि 'आम्ही'

गेल्या वर्षी आई गेली. घर आवरताना तिच्या लोखंडी ट्रंकेत हिशेबाच्या २९ वह्या निघाल्या. विकत आणलेल्या नव्हेत. आम्हा भावंडांच्या शाळेच्या वह्यांत वर्षाअखेर उरलेली कोरी पाने काढून, ती दाभणाने शिवून केलेल्या. पहिली १९५८ सालची, शेवटची १९८७ची. भाऊ म्हणाला, "ताई, तुला हव्या असतील तर ने, नाहीतर रद्दीत जातील." मी त्या घेऊन आले आणि तीन महिने कपाटावर ठेवून दिल्या.

त्या उघडायचा धीर होत नव्हता, याला एक कारण होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी आईच्या मागे लागले होते, की आठवणी लिहून काढ. नवी वही आणि पेन आणून दिले. तेव्हा मी महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि स्त्रियांची आत्मचरित्रे हा माझ्या आवडीचा अभ्यासविषय होता. आई म्हणाली, "माझं काय आहे त्यात लिहिण्यासारखं?" पुढे त्या वहीत तिने दुधाचा हिशेब लिहिला. मला तिचा राग आला होता. वर्गात मी ज्याला 'आत्मभानाचा अभाव' म्हणत असे, तो माझ्याच घरात बसला आहे असे वाटले होते, आणि आईला तसे बोलूनही दाखवले होते.

वह्या उघडवेनात म्हणून पुस्तके उघडली. तीस वर्षे जी शिकवली तीच: रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान'. यंदाच्या उन्हाळ्यात ही चारही पुस्तके सलग वाचली. या वेळी टिपणे काढायची नव्हती, अभ्यासक्रम पुरा करायचा नव्हता. त्यामुळेच असेल, पण आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. या बायका स्वतःबद्दल कोणते सर्वनाम वापरतात, ते कुठे वापरतात आणि कुठे गाळतात, याकडे लक्ष गेले. आणि वर्षानुवर्षे आपण विद्यार्थ्यांना जे सांगितले, त्यातले बरेच चुकीचे होते असे वाटू लागले.

मी काय सांगत असे? स्त्रियांच्या मराठी आत्मचरित्रांत आत्मभानाचा आलेख चढता आहे. रमाबाई पतीच्या सावलीत उभ्या, लक्ष्मीबाई सावलीतून बाहेर येणाऱ्या, आणि पुढे दलित स्त्रियांच्या लेखनात हे भान सामाजिक होते. पाठ करायला सोपे, परीक्षेत गुण देणारे. या मांडणीत 'मी' जितका ठळक तितकी बाई पुढे गेलेली, असे एक न बोललेले गृहीतक होते.

१

रमाबाईंचे पुस्तक १९१० साली निघाले. न्यायमूर्ती रानडे जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. या पुस्तकात रमाबाई रानड्यांचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा त्या काळचा रिवाज. बायका 'इकडून येणे झाले' असे आडवळणाने बोलत. 'स्वतः' हे त्यातलेच एक वळण. १९३८ साली झालेल्या इंग्रजी भाषांतराने तर हाच शब्द पुस्तकाचे नाव म्हणून उचलला. ज्या शब्दाने माणूस आपला निर्देश करतो तोच शब्द बाईने नवऱ्याला देऊन टाकला, याहून आत्मलोपाचा पुरावा कोणता हवा, असे मी वर्गात म्हणत असे. वर्ग हसे.

आता वाचताना दोन गोष्टी अडल्या. पहिली अशी, की नाव घेता येत नव्हते म्हणून हा शब्द आला, एवढे म्हणून भागत नाही. १८७३ साली लग्न झाले तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या आणि रानडे ३१ वर्षांचे. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला विचारले, की तुझे लग्न कोणाशी झाले, माझे नाव काय? आणि तिने ते सांगितले. हा प्रसंग रमाबाईंनी स्वतःच नोंदवला आहे. म्हणजे नाव उच्चारायला लावणारा नवरा आणि नाव उच्चारलेली मुलगी पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत. त्यानंतर तीन तपांनी हात लिहिता झाला, तेव्हा त्या हाताने 'स्वतः' हा शब्द निवडला. ही नुसती सवय नाही. रानड्यांच्या घरात रमाबाईंना दोन बाजूंनी राहावे लागले. एकीकडे शिक, सभेला जा, इंग्रजी वाच म्हणणारा नवरा. मनाविरुद्ध झाले तर रागावण्याऐवजी अबोला धरणारा. दुसरीकडे सासरच्या वडीलधाऱ्या बायका. मुलीने इंग्रजी शिकणे आणि सभेत भाषण वाचणे त्यांना घराण्याची अब्रू जाण्यासारखे वाटे. दिवसभर स्वयंपाकघरात त्यांची बोलणी, रात्री माडीवर धडा. पुस्तक लिहिताना या दोघांचाही मान राखायचा होता. 'स्वतः' म्हटल्याने बायकांचा रिवाज पाळला गेला, आणि त्याच वाक्यात त्या बायकांनी दिलेला त्रासही लिहून झाला.

दुसरी गोष्ट मराठी व्याकरणाची. पुल्लिंगी आदरार्थी कर्त्याचे भूतकाळी रूप आणि स्त्रीच्या तोंडचे प्रथमपुरुषी रूप मराठीत एकच असते. 'ते गेले' आणि 'मी गेले'. 'ते बसले' आणि 'मी बसले'. कर्ता गाळला की नुसते 'गेले' उरते. ते न्यायमूर्तींचे की अकरा वर्षांच्या मुलीचे, हे मागच्यापुढच्या संदर्भावरून ठरवावे लागते. रमाबाईंनी हे मुद्दाम साधले असे मी म्हणणार नाही. हा भाषेचा स्वभाव आहे. पण या स्वभावामुळे घडते ते असे, की नवऱ्याला 'स्वतः' देऊन टाकणारी ही बाई क्रियापदात त्याच्या बरोबरीने चालते. पुस्तकाच्या नावातही 'माझ्या' नाही, 'त्यांच्या' नाही, 'आमच्या' आहे. आत्मलोपाची खूण म्हणून मी एका शब्दावर बोट ठेवले होते. शेजारचे क्रियापद वाचले नव्हते.

२

लक्ष्मीबाईंकडे आले की दारे-खिडक्या उघडल्यासारखे वाटते. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. इथे नवरा 'स्वतः' नाही, 'इकडून' नाही. तो सरळ 'टिळक' आहे. शेजारच्या माणसाविषयी किंवा वर्तमानपत्रात नाव येणाऱ्या कवीविषयी बोलावे तसे. या एका शब्दामुळे लक्ष्मीबाईंना त्याच्याकडे लांबून पाहता येते. टिळकांचा शीघ्रकोप, हातातले पैसे देऊन टाकणे, अचानक घरातून निघून जाणे, हे सगळे त्या प्रेमाने सांगतात आणि हसत सांगतात. तसेच स्वतःलाही हसतात. मराठी गद्यात स्वतःला इतक्या सहज हसणारा 'मी' त्याआधी बाईच्या लेखणीतून क्वचितच आला असेल.

हा 'मी' टिळकांनी दिला, सुधारक नवऱ्याच्या सहवासात तो घडला, असे आपण सहज म्हणतो. पुस्तक नीट वाचले तर क्रम वेगळा दिसतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली स्वीकारला. मधली पाच वर्षे माझ्या मते या पुस्तकाचा कणा आहेत. त्या काळात समाजाच्या कोणत्याच घरात त्यांची सोय नव्हती. नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही. नवरा धर्म सोडून गेलेला, म्हणून सवाष्णीचा मानही धड नाही. नातेवाइकांकडे राहायचे, मूल सांभाळायचे आणि लोकांचे ऐकायचे. नवऱ्यामागोमाग लगेच धर्मांतर केले असते तर तो पतिव्रताधर्मच झाला असता. त्या गेल्या नाहीत. पुढे टिळकांकडे राहायला गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला.

आणि मग तो प्रसंग येतो. जात कोणी केली, देवाने की माणसाने, असा वाद त्या मनाशीच घालतात, आणि इथून पुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवतात. ज्या बापाने घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेतली, त्याच्या मुलीचा हा निर्णय. तो घेताना टिळकांचे व्याख्यान नाही, पाद्र्याचा उपदेश नाही. मी हा प्रसंग नेहमी 'जातिभेदावरील विचार' म्हणून शिकवला. आता वाटते, तो 'मी'च्या जन्माचा प्रसंग आहे. हा 'मी' नवऱ्याच्या बरोबर चालताना झाला नाही. नवरा आपल्या वाटेने पुढे निघून गेल्यावर, त्याच्या मागे न धावता, आपल्या पायांनी तिथे पोचताना झाला. म्हणून पुढे त्या त्याला 'टिळक' म्हणू शकतात आणि म्हणूनच हसू शकतात. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले तेही याच हक्काने.

३

'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. वीरगावचा आणि फलटणचा महारवाडा, आषाढातले सण, पोतराज, अंगात येणे, बाळंतिणीची उपासमार, बाबासाहेबांचा शब्द कानी पडल्यावर उठलेली वस्ती. या पुस्तकातली बहुतेक वाक्ये 'आम्ही'ची आहेत. 'व्यक्तिगत अनुभव समूहात विलीन होतो' असे मी फळ्यावर लिहून देत असे.

विलीन होतो? बेबीताईंची एक मुलाखत पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीत आहे. माया पंडित यांनी ती घेतली होती. त्यात त्या सांगतात, की त्या किराणा दुकान चालवत, दुकानात बांधायला येणारे वर्तमानपत्रांचे कागद वाचत, आणि त्यातूनच वाचनाची गोडी लागली. लिहू लागल्या ते नवऱ्यापासून लपवून, आणि ते लिखाण वीस वर्षे लपलेले राहिले. नवऱ्याचा संशय आणि मारहाण याबद्दल त्या तिथे स्पष्ट बोलतात. पुढे फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना या लिखाणाची माहिती झाली आणि ते उजेडात आले.

म्हणजे 'मी'ला सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते पुस्तकात आले नाही, कारण त्यांनी ते ठेवले नाही. आधी वस्तीचे सांगायचे, असे ठरवून त्यांनी आपला संसार बाजूला ठेवला. हे विलीन होणे नव्हे. ही निवड आहे. आणि 'आम्ही' म्हटले म्हणून आपल्या माणसांना सांभाळून घेणेही नाही. सासवांनी सुनांचे केलेले हाल, सुनेचे नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता, हे त्या झाकत नाहीत. शिकून साहेब झाल्यावर वस्तीला विसरणाऱ्या आपल्याच लोकांवरही त्या कडाडतात. या 'आम्ही'च्या आत भांडण चालू आहे, आणि ते करणारी बाई प्रत्येक पानावर दिसते. फक्त 'मी' म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मी इतकी वर्षे ऐकली नव्हती. मराठीत दोन शब्द आहेत: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आपण' म्हटले की ऐकणारा आत येतो. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. आपल्या भाषेतले लहान मूलही हा फरक चुकत नाही. बेबीताईंनी पुस्तकाला 'जिणं आपलं' म्हटलेले नाही. 'आमुचं' म्हटले आहे. त्या 'आम्ही'त मी नाही. माझ्या आजोळच्या वाड्यात पाण्याचा हंडा कोणी शिवायचा आणि कोणी शिवायचा नाही याचे नियम होते. मी त्या पलीकडच्या बाजूची आहे. तरी मी वर्गात 'आपले दलित स्त्रियांचे साहित्य' असे म्हणत असे आणि त्यात मनाचा मोठेपणा आहे असे समजत असे. पुस्तकाने पहिल्याच शब्दांत आखलेली रेघ मी सौजन्याने पुसून टाकत होते. ती तशीच ठेवून वाचणे अवघड आहे; पण तसेच वाचायला हवे.

ऊर्मिला पवार यांच्याबाबत थोडक्यात सांगते, कारण त्यांनी हा प्रश्न आपल्या लेखनाच्या क्रमानेच सोडवला आहे. १९८९ साली मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले, 'आम्हीही इतिहास घडवला'. 'आयदान' आले २००३ साली. आधी 'आम्ही', मग 'मी'. आधी चळवळीतल्या बायकांचा हिशेब चुकता केला आणि मगच आपला संसार, आपले शिक्षण नवऱ्याला खुपणे, हे सांगितले. आणि 'मी'चे पुस्तक असूनही नाव दिले ते आईच्या हातच्या बांबूकामाचे. चढत्या आलेखात हा क्रम बसत नाही. तो पुढे-मागे होणारा, ज्याचे देणे आधी त्याला आधी देणारा क्रम आहे.

४

चारही पुस्तके संपल्यावर वह्या खाली काढल्या.

त्यांत एकही 'मी' नाही. २९ वर्षांच्या नोंदींत एकदाही नाही. 'दळण आणले.' 'पापड केले.' 'डॉक्टरांना दिले.' 'गादी पिंजून घेतली.' पूर्वी हे पाहून मी पुन्हा तेच म्हटले असते. पण आता नजर सर्वनामावरून क्रियापदाकडे गेली. मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणे चालत नाही, कर्माप्रमाणे चालते. पापड केले, भाकरी केली, लाडू केला. करणारी कोण, याला वाक्यात जागा ठेवावी लागत नाही. सगळे झालेले दिसते. करणारी दिसत नाही. माझ्या आईने तीस वर्षे हेच व्याकरण लिहिले.

१९७४च्या जूनमध्ये एक नोंद आहे: 'पाटली मोडली.' मला वाटले, जुनी पाटली, चिरली असेल. 'काठी मोडली' म्हणताना ती आपोआप मोडली की कोणी मोडली, हे जसे कळत नाही तसेच हे वाक्य. पण समोर जमेच्या बाजूला रक्कम होती. आणि खाली, त्याच तारखेला, खर्चाच्या बाजूला: 'एम.ए.ची फी भरली.'

ती फी माझी. ती कशी भरली गेली हे मला माहीत नव्हते. वडिलांनी भरली असे मी धरून चालले होते. तेव्हा विचारले नाही आणि नंतर विचारायचे सुचले नाही. त्या एम.ए.च्या जोरावर मी नोकरीला लागले, स्त्रियांच्या आत्मभानावर व्याख्याने दिली, आणि आईला नवी वही आणून दिली.

इथे मला थांबले पाहिजे, कारण यापुढे ओढाताण सुरू होते. हिशेबाची वही म्हणजे आत्मचरित्र नव्हे. रमाबाई, लक्ष्मीबाई, बेबीताई आणि ऊर्मिलाताई यांनी वाचकासमोर यायचे ठरवले, त्यासाठी घरातल्यांचा रोष पत्करला किंवा लपूनछपून लिहिले. आईने तसे काही ठरवले नव्हते. तिच्या दोन ओळींना मी साहित्य म्हणू लागले तर त्या चौघींच्या धाडसाची किंमत कमी होते, आणि आईच्या न बोलण्याचाही मान राहत नाही. म्हणून या वह्या मी छापणार नाही, त्यांवर शोधनिबंधही लिहिणार नाही. सर्वनामांचे मोजमाप करून पुस्तकांची नवी प्रतवारी लावावी असेही मला म्हणायचे नाही. तो आणखी एक चढता आलेख होईल. माझे म्हणणे एवढेच, की 'मी' हे आत्मभानाचे माप नाही. बाई कोणते सर्वनाम घेते ते तिच्या भोवतीच्या माणसांवर, तिने चुकते करायच्या देण्यांवर आणि ऐकणारा कोण आहे यावर ठरते. रमाबाईंनी नवऱ्याला 'स्वतः' म्हणून जे साधले, ते लक्ष्मीबाईंनी 'टिळक' म्हणून साधले आणि बेबीताईंनी नवऱ्याला पुस्तकाबाहेर ठेवून. त्यांना एका रांगेत, मागची आणि पुढची म्हणून उभे करणारे आम्ही शिक्षक होतो.

ही पुस्तके यंदा मला इतकी का लागली, याचे उत्तर त्या दोन ओळींत आहे. आईच्या वहीकडून मी पुस्तकांकडे पळाले होते. पुस्तकांनी मला वही वाचायला शिकवून परत पाठवले. "माझं काय आहे त्यात लिहिण्यासारखं?" असे ती म्हणाली तेव्हा तिची २९ वर्षांची वही लिहून झालेली होती. ती ट्रंकेत आहे हे तिला माहीत होते. मला माहीत नव्हते.

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी माळे आवरले जातात आणि रद्दीवाल्याला बोलावले जाते. हा अंक हाती पडेपर्यंत ते काम उरकले असेल. नसेल, तर आईच्या किंवा आजीच्या शिवलेल्या वह्या एकदा खाली काढून बघा. त्यांत 'मी' शोधू नका. क्रियापदे वाचा, आणि समोरची रक्कम बघा.